स्टोअरकडची अंतर्गत माल-मागणी आणि साठा-नियोजनाचं सॉफ्टवेअर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई आणि आसपासच्या कारखान्यांत साठ्याचं सॉफ्टवेअर बसवताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. खरेदीचे आणि बिलांचे प्रश्न पहिल्या एक-दोन महिन्यांत मिटतात. स्टोअरच्या खिडकीवरचे प्रश्न मात्र वर्ष उलटलं तरी तसेच असतात: कुणी काय मागितलं, कधीसाठी मागितलं, किती दिलं, उरलेल्याचं काय झालं. या कामात येण्याआधी सहा वर्षं मी स्वतः त्या खिडकीच्या आत बसलो आहे, म्हणून दोन्ही बाजूंची अडचण ठाऊक आहे. खालचे प्रश्न स्टोअरकीपर, सुपरवायझर, प्लॅनिंगवाले आणि मालक यांच्याकडून आलेले आहेत. उदाहरणासाठी सगळीकडे एकच कारखाना धरला आहे: पंप बनवणारा, मुख्य गोडाऊन भिवंडीला, जोडणी मरोळला आणि एक छोटं युनिट वसईला.

अंतर्गत मागणी म्हणजे नेमकं काय? इंडेंट, रिक्विझिशन, मटेरियल रिक्वेस्ट हे सगळं एकच का?

हो, एकच. जुनी माणसं इंडेंट म्हणतात, सॉफ्टवेअरच्या पडद्यावर मटेरियल रिक्वेस्ट दिसतं, खिडकीवर सगळे ‘स्लिप’ म्हणतात. तिच्यात चार गोष्टी हव्यातच: कोणती वस्तू, किती, कुठे आणि कोणत्या तारखेपर्यंत. पाचवी गोष्ट, म्हणजे कशासाठी, बरेच जण रिकामी सोडतात. पुढे सगळ्यात जास्त उपयोग तिचाच होतो.

या नोंदीने माल हलत नाही, हिशेबात एक रुपयाही इकडचा तिकडे होत नाही. माल हलायच्या आधी गरज कळावी, एवढ्याचसाठी ती आहे. दिवसभर माल नेऊन संध्याकाळी सहाला भरलेली मागणी ही फक्त पावती. प्लॅनिंगवाल्याला तिचा काडीचा उपयोग नाही, कारण ज्या क्षणी तो काही करू शकला असता तो क्षण सकाळीच निघून गेलेला असतो.

मागणी टाकताना सॉफ्टवेअर ‘प्रकार’ विचारतं. कोणता निवडायचा?

ईआरपीनेक्स्ट हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर मुंबईतच घडलेलं, इथल्या बऱ्याच छोट्या कारखान्यांत दिसतं, म्हणून त्याचंच उदाहरण घेतो. त्यात मागणीचे प्रकार असे: खरेदी, एका गोडाऊनमधून दुसरीकडे स्थलांतर, वापरासाठी इश्यू, स्वतः बनवणं आणि ग्राहकाने दिलेला माल. सॅप या मोठ्या कंपन्यांत चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हीच विभागणी वेगळ्या रूपात आहे. तिथे आधी रिझर्व्हेशन, म्हणजे माल राखून ठेवायची नोंद, होतं, मग माल हलताना क्रमांक लागतो: खर्चाच्या विभागाला इश्यू म्हणजे २०१, उत्पादनाच्या ऑर्डरवर इश्यू म्हणजे २६१, एका स्टोअरमधून दुसऱ्या स्टोअरमध्ये म्हणजे ३११.

गोंधळ होतो तो स्थलांतर आणि इश्यू या दोघांत. साधी खूण सांगतो. माल नुसती जागा बदलत असेल आणि उद्या तो मोजायला मिळणार असेल, तर स्थलांतर. माल वापरला जाऊन संपणार असेल, तर इश्यू. मरोळच्या मेंटेनन्सवाल्याने ग्रीसचे चार डबे नेले आणि तुम्ही ते ‘मरोळ फ्लोअर’ला स्थलांतर म्हणून टाकले, तर ते डबे सॉफ्टवेअरमध्ये कायम जिवंत राहतात. असं वर्षभर चाललं की फ्लोअरवर कागदोपत्री लाखांचा माल उभा असतो आणि प्रत्यक्षात रिकामे डबे. नफा फुगलेला दिसतो, कारण जो खर्च व्हायला हवा होता तो साठा म्हणून बसलेला असतो.

भिवंडीत ३०० बेअरिंग दिसतात, तरी सॉफ्टवेअर १००च देतं. असं का?

कारण उरलेली २०० दुसऱ्या कुणासाठी शब्द देऊन ठेवलेली आहेत. हातात असलेला माल आणि देता येण्याजोगा माल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खिडकीवरची निम्मी भांडणं हा फरक न समजल्यामुळे होतात.

आकड्यांनी बघू. ६२०४ नंबरचं बेअरिंग. भिवंडीत ३००, त्यातली २०० एका मोठ्या ऑर्डरसाठी राखीव, म्हणजे मोकळी १००. मरोळला गुरुवारपर्यंत १२० लागणार आहेत, तिथे ४० पडलेली आहेत, म्हणून मरोळची मागणी ८० ची. ती सकाळी मंजूर झाली, मोकळी राहिली २०. दुपारी वसईहून ६० ची मागणी आली. सॉफ्टवेअर नीट लावलेलं असेल तर या एकाच मागणीला दोन वाटा फुटतील: २० चं स्थलांतर आणि ४० ची खरेदी. दोन्ही वाटा मूळ मागणीच्या नंबरला जोडलेल्या राहिल्या पाहिजेत. नाहीतर वसईचा सुपरवायझर २० मिळाली की उरलेल्यांसाठी नवी मागणी टाकतो आणि ४० च्या जागी ८० ची ऑर्डर जाते.

आणखी एक. वसईने ६० मागताना स्वतःच्या कपाटातली मोजली होती का? मागणी ही निव्वळ गरजेची हवी: लागणार किती, त्यातून हातातलं वजा. पूर्ण गरज लिहायची सवय असलेल्या विभागाकडे वर्षाअखेरीस हमखास छुपं स्टोअर सापडतं.

रिऑर्डर लेव्हल (साठा ज्या आकड्याखाली गेला की नवी मागणी उठते ती पातळी) लावली आहे. तरीही माल संपतो. सॉफ्टवेअर चुकतं का?

सॉफ्टवेअर बहुधा बरोबर असतं. त्याला दिलेली माहिती खोटी असते. हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे, म्हणून जरा सविस्तर.

पंपाचं मेकॅनिकल सील घ्या. रोज १२ लागतात, पुरवठादाराकडून यायला ५ दिवस, आणि सुरक्षेसाठी २४ बाजूला. मग रिऑर्डर लेव्हल १२ गुणिले ५ अधिक २४, म्हणजे ८४. आता हातात ७० आहेत. ८४ पेक्षा कमी, म्हणजे मागणी उठायला हवी, असं आपल्याला वाटतं. पण चांगलं सॉफ्टवेअर नुसता हातातला माल बघत नाही. ते अंदाजित साठा बघतं: हातातलं, अधिक मागितलेलं, अधिक ऑर्डर केलेलं, अधिक बनायला टाकलेलं, वजा राखीव. हे योग्यच आहे. नाहीतर माल वाटेत असताना ते रोज नवी मागणी टाकत बसेल.

समजा ५० सीलची एक मागणी उघडी आहे. ७० अधिक ५० म्हणजे १२०. ८४ च्या वर. सॉफ्टवेअर शांत.

ती ५० ची मागणी तीन महिन्यांपूर्वीची असेल तर? एका ग्राहकासाठी टाकली, ऑर्डर रद्द झाली, मागणीची पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, कधी निघालीच नाही आणि ती बंद करायची कुणाला आठवण राहिली नाही. येणारच नाहीत अशा ५० सीलच्या भरवशावर सॉफ्टवेअर बसलेलं आहे. हातातली ७० सहाव्या दिवशी संपतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुणाच्या लक्षात येतं, माल यायला पाच दिवस लागतात, आणि लाइन थांबते. असा एक दिवस मी स्टोअरमध्ये असताना पाहिला आहे. जोडणीची बारा माणसं हात बांधून बसलेली, आणि पडद्यावर त्या वस्तूसमोर हिरवा रंग. ती मेलेली मागणी मीच टाकलेली होती.

म्हणून सांगतो, उघडी मागणी म्हणजे नियोजनाच्या गणितातला एक जिवंत आकडा. ती टाकणाऱ्याने विसरली तरी सॉफ्टवेअर विसरत नाही.

मग जुन्या मागण्या कशा आणि कुणी बंद करायच्या?

टाकणाऱ्याने. स्टोअरकीपरवर हे काम ढकलू नका. गरज संपली की नाही हे त्याला कळणार कुठून?

पद्धत मी अशी लावतो. ‘लागण्याची तारीख’ उलटून पंधरा दिवस झालेल्या मागण्यांची यादी दर सोमवारी ज्याच्या त्याच्या नावाने निघते. सुपरवायझर प्रत्येक ओळीसमोर दोनपैकी एक गोष्ट करतो: नवी तारीख टाकतो किंवा बंद करतो. तीस दिवसांत दोन्ही झालं नाही तर मागणी बंद होते आणि तशी सूचना त्याला जाते. सुरुवातीला ओरड होते. दोन-तीन वेळा कुणाची तरी खरी मागणी बंद पडते, त्यानंतर तारखा नीट पडायला लागतात.

इथे ‘बंद करणं’ आणि ‘रद्द करणं’ यांत गल्लत नको. १०० मागितले, ६० मिळाले, उरलेले नकोत, तर मागणी बंद करायची. ६० चा इतिहास शाबूत राहतो, ४० गणितातून निघतात. ईआरपीनेक्स्टमध्ये यासाठी मागणी थांबवायची सोय आहे. रद्द करायचं ते फक्त चुकून टाकलेल्या, काहीच न मिळालेल्या मागणीसाठी.

बंद करताना कारण लिहून घ्या. ऑर्डर रद्द झाली, दुसरीकडून भागवलं, दोनदा टाकली गेली, वस्तू बदलली: चार-पाच पर्याय पुरेत. सहा महिन्यांनी ही कारणं मोजली की ‘दुसरीकडून भागवलं’ कुठल्या विभागात जास्त आहे ते दिसतं. तिथे स्टोअरबद्दल विश्वास उरलेला नाही हे समजा, आणि जाऊन बोला.

उत्पादनाची योजना बीओएमवरून (एका वस्तूला कोणते भाग किती लागतात त्या यादीवरून) आपोआप निघते. मग फ्लोअरवरून वेगळी मागणी कशाला? दोन्ही धरल्या तर दुप्पट होणार नाही का?

होते. बऱ्याच ठिकाणी झालेलीच असते.

५० पंपांची ऑर्डर, प्रत्येकाला २ बेअरिंग, म्हणजे बीओएमप्रमाणे १०० ची गरज. एमआरपीने ती आधीच धरलेली आहे. (स्टोअरमध्ये नवीन आलेल्या मुलांना सांगावं लागतं की ही एमआरपी म्हणजे पाकिटावरची छापील किंमत नव्हे, मालाच्या गरजेचं नियोजन.) आता जोडणीचा सुपरवायझर त्याच पंपांसाठी १०० बेअरिंगची मागणी टाकतो. तिला उत्पादन ऑर्डरचा नंबर जोडलेला नसेल, तर सॉफ्टवेअरच्या लेखी ही वेगळी गरज. खरेदी २०० ची निघते.

या विषयाचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, जोसेफ ऑर्लिकी, यांनी १९६० च्या दशकात एक भेद मांडला, तो इथे नेमका कामाला येतो. ग्राहकाकडून येणारी मागणी स्वतंत्र, तिचा अंदाज करावा लागतो. पंपातल्या बेअरिंगची मागणी अवलंबून, ती पंपांच्या संख्येवरून मोजता येते, अंदाज करायची गरजच नाही. म्हणून नियम असा: बीओएममधल्या वस्तूची फ्लोअरवरची मागणी उत्पादन ऑर्डरला जोडलेलीच हवी. मग ती नवी गरज न धरता आधीच्या राखीव मालातून उचल धरली जाते. ऑर्डरशिवाय मागणी टाकता येईल ती फक्त मेंटेनन्स, नमुने, चाचणी आणि खराब निघालेल्या भागाच्या बदलीसाठी. ‘कशासाठी’ हा रकाना सक्तीचा करा म्हणतो, तो याचसाठी.

बदलीच्या मागण्या वेगळ्या दिसल्या की आणखी एक फायदा होतो. एकाच बेअरिंगच्या बदल्या वाढल्या तर दोष माल पुरवणाऱ्याचा की प्रेसवर बसवणाऱ्याचा, हे तरी विचारायला सुरुवात होते.

मागणी ‘१’ ची होती, आली भलतीच. युनिटचा घोळ कसा टाळायचा?

लोहार चाळीतून वायर आणणाऱ्या कुणालाही हे लगेच कळेल. घरगुती वायरचं बंडल साधारण ९० मीटरचं येतं. खरेदी बंडलात, वापर मीटरात. इलेक्ट्रिशियनने ‘१’ लिहिलं, त्याच्या मनात बंडल होतं, सॉफ्टवेअरमध्ये वस्तू मीटरवर नोंदलेली. स्टोअरने एक मीटर वायर कापून हातात दिली तर राग यायचाच.

साठ्याचं युनिट नेहमी सगळ्यात लहान, ज्यात वापर होतो ते ठेवा: मीटर, नग, ग्रॅम. बंडल, बॉक्स, डझन ही रूपांतराची युनिटं. १ बंडल म्हणजे ९० मीटर हे वस्तूच्या नोंदीत एकदाच लिहून ठेवायचं. मागणी टाकताना दोन्ही आकडे शेजारी दिसले की चूक जागच्या जागी पकडली जाते. किलोवर घेऊन नगावर वापरायच्या वस्तूंना, म्हणजे स्क्रू-नट यांना, हे रूपांतर कधीच तंतोतंत बसत नाही. त्यांच्यासाठी पुढचा प्रश्न वाचा.

नट, वॉशर, हातमोजे यांच्यासाठीही मागणी भरायची का?

नको. दोन रुपयांच्या वॉशरसाठी सुपरवायझरने पाच मिनिटं पडद्यासमोर घालवावीत यात काही अर्थ नाही. दोन डब्यांची पद्धत वापरा: फ्लोअरवर दोन डबे, एक रिकामा झाला की तो स्टोअरच्या खिडकीत ठेवायचा, तोच इंडेंट. स्टोअर डबा भरून देतं आणि महिन्यातून एकदा एकत्र इश्यू टाकतं. जपानी कारखान्यांतली कानबान पद्धत याच विचारावर उभी आहे.

सगळेच ‘अर्जंट’ लिहितात. काय करायचं?

तो शब्दच फॉर्ममधून काढून टाका. लागण्याची तारीख आणि वेळ तेवढी ठेवा. ‘अर्जंट’ने काहीच कळत नाही, ‘बुधवारी दुपारी दोनला जोडणी सुरू होणार’ याने सगळं कळतं.

मग दर महिन्याला एक साधी तुलना करा: ज्या मागण्या त्याच दिवसासाठी म्हणून टाकल्या होत्या, त्यांतला माल नेल्यावर खरंच त्याच दिवशी वापरला गेला का? हा आकडा विभागप्रमुखांसमोर शांतपणे ठेवा, कुणाला टोचून न बोलता. काही वेळा उलटंही निघतं. घाईची मागणी खरी असते, कारण वरून ऑर्डरच उशिरा खाली येते. मग दोष मागणाऱ्याचा नाही, आणि तेही तेवढ्याच मोकळेपणाने मान्य करायला हवं.

मंजुरीच्या किती पायऱ्या ठेवाव्यात?

एक. फार तर दोन, तीही रकमेवर ठरवून. ऑर्डरला जोडलेली आणि बीओएमइतकीच मागणी असेल तर मंजुरी नकोच, ती ऑर्डर मंजूर झाली तेव्हाच मिळालेली आहे. मंजुरी लागावी ती जास्तीच्या, ऑर्डरबाहेरच्या आणि महाग वस्तूंसाठी. तीन सह्या लागणाऱ्या कारखान्यात लोक सह्यांना वळसा घालतात, आणि मग माल खिडकीच्या मागच्या दाराने जायला लागतो.

रात्रपाळीला स्टोअरकीपर नसतो. तेव्हा?

चावी शिफ्ट सुपरवायझरकडे, कपाटाजवळ अनुक्रमांक छापलेलं स्लिपबुक, आणि सकाळी दहाच्या आत सगळ्या स्लिपांची नोंद. नंबर सलग आहेत का हे स्टोअरकीपरने रोज बघायचं, ४१ नंतर एकदम ४३ आली तर ४२ कुठे हे त्याच सकाळी विचारायचं. नोंदीत माल नेल्याची खरी वेळ टाका, नोंद केल्याची नव्हे.

सॉफ्टवेअरमधली ‘ऋण साठा चालेल’ ही परवानगी देऊ नका, कितीही आग्रह झाला तरी. उणे पाच बेअरिंग जगात कुठेच नसतात. आकडा उणे जात असेल तर कुठलीतरी आवक नोंदायची राहिली आहे, ती शोधा.

भिवंडीहून मरोळला स्वतःचाच माल आणताना कोणते कागद लागतात?

दोन्ही जागा एकाच जीएसटी नोंदणीखाली असतील, आणि भिवंडीचं गोडाऊन त्या नोंदणीत अतिरिक्त जागा म्हणून दाखवलेलं असेल, तर ही विक्री नाही, कर नाही. डिलिव्हरी चलन पुरतं. ते तीन प्रतींत काढायचं: मूळ प्रत माल घेणाऱ्याला, दुसरी वाहतूकदाराला, तिसरी पाठवणाऱ्याकडे. विक्री नसली तरी ई-वे बिलाचा नियम सुटत नाही. ठरावीक किमतीवरचा माल गाडीतून नेताना हे ऑनलाइन बिल काढावं लागतं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा १ लाख रुपयांची आहे, जुलै २०१८ पासून. एका टेम्पोत दोन मागण्यांचा माल भरताना हे विसरलं जातं.

वापीला युनिट असेल तर गोष्ट पूर्ण बदलते. राज्य वेगळं, म्हणून नोंदणी वेगळी, आणि कायद्याच्या नजरेत ती वेगळी व्यक्ती. पैसे घेतले नाहीत तरी टॅक्स इन्व्हॉइस आणि आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहारावरचा जीएसटी) लागतो, ई-वे बिलाची मर्यादा ५० हजार. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये राज्याबाहेरच्या मागणीचा मार्ग वेगळाच बांधा. खिडकीवरच्या माणसाला हा फरक आठवणीने पाळायला लावणं बरोबर नाही.

जॉबवर्कला, म्हणजे बाहेरच्याकडे काम करून घ्यायला, दिलेला माल ही तिसरी गोष्ट. प्लेटिंगवाल्याकडे गेलेला कच्चा माल एका वर्षात परत यायला हवा, भांडवली वस्तू असेल तर तीन वर्षांत, नाहीतर तो पाठवल्या दिवशीच विकला असं धरलं जातं. या मालाच्या हिशेबाचा आयटीसी-०४ हा फॉर्म ५ कोटींवर उलाढाल असलेल्यांनी सहामाही आणि बाकीच्यांनी वार्षिक भरायचा. जॉबवर्करच्या नावाने वेगळं गोडाऊन उघडलं की हा सगळा हिशेब मागणीच्या नोंदींतूनच निघतो.

टेम्पो भिवंडीहून निघाला, मरोळला पोचला नाही. मधल्या वेळात माल कुणाचा?

‘वाटेतला माल’ नावाचं तिसरं गोडाऊन ठेवा. भिवंडीने पाठवला की माल तिथे जातो, मरोळने मोजून घेतला की तिथून निघतो. एका पायरीत स्थलांतर केलं तर टेम्पो कशेळीच्या कोंडीत उभा असताना मरोळच्या पडद्यावर माल आलेला दिसतो, आणि सुपरवायझर हातात नसलेल्या मालावर काम लावतो. १०० निघाले आणि ९६ पोचले, तर ४ त्या वाटेतल्या गोडाऊनमध्ये अडकून राहतात. राहू द्या. उत्तर मिळेपर्यंत ते तिथेच दिसले पाहिजेत.

पावसाळ्यात सगळं वेळापत्रक कोलमडतं. सॉफ्टवेअरमध्ये यासाठी काही करता येतं?

येतं, आणि मुंबईत करायलाच हवं. वर्षभर एकच लीड टाइम (मागितल्यापासून माल यायला लागणारे दिवस) ठेवू नका. जून ते सप्टेंबर भिवंडी ते मरोळ एक दिवस जास्त धरा, बाहेरगावहून येणाऱ्या मालाला दोन. गणपतीच्या दिवसांत, विशेषतः विसर्जनाला, अवजड वाहनांवर निर्बंध येतात, म्हणून त्या आठवड्याच्या मागण्यांची शेवटची तारीख आधीच जाहीर करा. दिवाळीत पुरवठादार बंद असतात ते वेगळंच.

पण सुरक्षेचा साठा २६ जुलै २००५ सारख्या दिवसासाठी ठरवू नका. सांताक्रूझला तेव्हा चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तशा दिवसाला कुठलाच साठा पुरत नाही, आणि त्या भीतीने ठेवलेला माल उरलेले सगळे दिवस पैसा आणि जागा अडवून बसतो. त्याऐवजी जूनच्या आत खालच्या रॅकवरचा माल वर घ्या, आणि सॉफ्टवेअरमधली त्याची जागाही बदला.

आमच्याकडे सगळी मागणी व्हॉट्सॲपवर येते. ते चालेल का?

निरोप म्हणून चालेल, नोंद म्हणून नाही. ‘काका, कालचेच पाठवा अजून थोडे’ यातून वस्तू, संख्या, तारीख काहीच निघत नाही. ग्रुप बंद करायच्या मागे लागू नका, लोक दुसरा काढतील. एवढाच नियम करा की ग्रुपवर मागणीचा नंबर टाकायचा, वस्तूंची नावं नाहीत. नंबर हवा तर मागणी आधी भरावीच लागते.

आमचं सगळं टॅलीवर आहे. नवं सॉफ्टवेअर घ्यायलाच हवं का?

लगेच नाही. टॅलीत गोडाऊन आणि रिऑर्डर लेव्हल दोन्ही आहेत, आणि एका गोडाऊनमधून दुसरीकडे माल स्टॉक जर्नलने जातो. पण स्टॉक जर्नल ही हललेल्या मालाची नोंद आहे, मागणीची नाही. दोन जागा आणि दोनशे वस्तू असतील तर मागणीसाठी एक सामायिक शीट आणि हिशेबाला टॅली एवढ्यावर नीट भागतं. तिसरी जागा उघडली किंवा एकच वस्तू दोघांना राखून ठेवायची वेळ आली, की शीट अपुरी पडते.

स्टोअरकीपर काका पंचवीस वर्षांपासून आहेत, त्यांना सॉफ्टवेअर नको आहे. त्यांना कसं तयार करायचं?

आधी त्यांचं ऐका. त्यांना कोणती वस्तू कुठल्या रॅकवर आहे, कुठला विभाग जास्त मागतो, कुठला पुरवठादार शनिवारी फोन उचलत नाही, हे सगळं पाठ आहे. वस्तूंची नावं त्यांच्या तोंडची घ्या. ते ‘मोठी जाळी’ म्हणत असतील तर शोधताना ‘मोठी जाळी’ टाइप केल्यावर तीच वस्तू निघाली पाहिजे. पडदा मराठीत ठेवा. बिन कार्ड (रॅकवर लावलेलं, आवक-जावक हाताने लिहायचं कार्ड) पहिले तीन महिने काढू नका, पडदा आणि कार्ड दोन्ही चालू द्या आणि रोज दहा वस्तू दोन्हीकडे ताडून बघा. कार्ड बरोबर आणि पडदा चूक निघाला, तर तसं सगळ्यांसमोर सांगा. माझ्या अनुभवात एवढं केल्यावर स्लिपशिवाय माल न देणारा सगळ्यात कडक माणूस तेच काका होतात.

३१ मार्चला उघड्या मागण्यांचं काय करायचं?

गरज काही ३१ मार्चला संपत नाही, त्यामुळे खऱ्या मागण्या तशाच पुढच्या वर्षात जाऊ द्या. मेलेल्या मात्र मार्चच्या पहिल्या पंधरवड्यातच बंद करून टाका. क्रम महत्त्वाचा: आधी मागण्या साफ, मग रात्रपाळीच्या स्लिपा पूर्ण, मग वाटेतलं गोडाऊन रिकामं, आणि शेवटी मोजणी. मोजणी आधी करून मागण्या नंतर साफ केल्या तर फरक कुठून आला हे कुणालाच सांगता येत नाही. जुन्या तारखेच्या नोंदी बदलून आकडे जुळवायचा मोह टाळा. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक बदलाचा माग ठेवणं बंधनकारक आहे, ऑडिटर तो मागतात. फरक असेल तर त्या दिवसाच्या तारखेने, कारण लिहून, उघडपणे दाखवा. आणि ३० तारखेच्या दुपारनंतर भिवंडीहून टेम्पो सोडू नका. ज्याला ३१ ला माल लागणार आहे त्याने २८ च्या आत मागणी टाकावी, ही सूचना मार्चच्या पहिल्याच सोमवारी खिडकीवर लावा.